भुवईवरची खूण

बऱ्हाणपूर,
४ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझ्या कानाचं यंत्र पुन्हा बिघडलं असं स्वप्निलदादानं कळवलं. म्हणजे फोनवर ओरडायची सोय गेली, आणि मोबाइलवरची अक्षरं तर तुला मुंग्यांसारखी दिसतात. तर घे, आजपासून कागद. लहानपणी तूच मला शुद्धलेखनाच्या वह्या लिहायला लावायचीस, आता भोग.

बातमी आनंदाची आहे. आठवीचा निकाल लागला आणि माझ्या वर्गाची रंजिता कासदे शाळेत पहिली आली. सगळ्या तुकड्यांत मिळून पहिली! गणितात तर पोरीनं मार्क कापायला जागाच ठेवली नाही. रंजिता कोरकू आदिवासी आहे. नेपानगरच्या पुढच्या जंगलपट्टीतून तिचे आईबाप इकडे केळीच्या कापणीला आले आणि इथंच राहिले. आमच्यासारख्या खासगी शाळेला कायद्यानं गरिबांच्या मुलांसाठी जागा ठेवाव्या लागतात ना, त्यातून ती पहिलीला आली. आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत तिच्या बाकावर कोणी स्वतःहून बसलेलं मी पाहिलं नाही. मुलं म्हणतात तेलाचा वास येतो. तिला 'कोयला' म्हणून हाक मारतात. मी कान पिळते, दोन दिवस गप्प राहतात, की पुन्हा सुरू.

आणि स्टाफरूममध्ये कोणाचे कान पिळू? निकालाच्या दिवशी तिची आई मालूबाई पिवळ्याधमक केळ्यांची एक फणी घेऊन आली. सगळ्यांनी "हाँ हाँ, रख दो" केलं. शेजारी दराब्याच्या मिठाईचा डबा होता, तो दहा मिनिटांत साफ. केळी तिथंच. चौथ्या दिवशी काळी पडली तेव्हा शिपायानं उचलली. मी एक खाल्लं होतं, आणि तेही मालूबाई बघून राहिली होती म्हणून.

आता अडचण सांगते. कायद्याची जागा आठवीपर्यंतच. नववीला फी भरा, नाहीतर निघा. मालूबाई म्हणते, नाही जमलं तर गावाकडं पाठवू. तिथं रंजिताच्या बरोबरीच्या दोघींची लग्नं ठरली आहेत. आमचे संचालक नंदकुमारजी मनात आणतील तर एका सहीनं फी माफ होईल. पण त्यांच्या मनात आणायचं कसं? तू तीस वर्षं याच लोकांच्या मुलांना शिकवलंस. सांग काहीतरी. ही पोर हातची गेली तर मला फळ्यासमोर उभं राहायची लाज वाटेल.

खरं सांगू, ती बोलायला लागली की वाटतच नाही कोरकू आहे म्हणून. इतकं स्वच्छ बोलते.

तुझी,
पूर्णिमा

---

भुसावळ,
१२ एप्रिल २०२५

चि. पूर्णिमा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र चष्मा पुसून पुसून वाचले. अक्षर अजून उजवीकडे कलते तुझे. असो.

अगं, त्यात डोके धरून बसण्यासारखे काय आहे? इथे चौकाचौकांत निकालाचे फ्लेक्स लागले आहेत, तसे तुमच्याकडेही लागतीलच. त्या मुलीचा मोठा फोटो शाळेच्या गेटवर लावायला सांग. एकदा साऱ्या गावाने पाहिले की ही आमची पहिली आलेली मुलगी, मग तिला नववीत बाहेर काढायची तुझ्या नंदकुमारजींची छाती होणार नाही. संस्थाचालकांना दया येत नसते गं, लाज येते. मी असल्या लोकांबरोबर नोकरी केली आहे.

फोटोच्या दिवशी मात्र तिला आधी तुझ्याकडे बोलावून घे. केस चापूनचोपून दोन वेण्या घाल, तोंडाला थोडी पावडर लाव. लोक आधी चेहरा बघतात, मार्क नंतर. हे आपल्याला पटो न पटो.

माझी विमल आठवते का तुला? तू सुट्टीत यायचीस तेव्हा माझ्याजवळ बसून पाढे म्हणायची ती. जंगलातल्या त्या शाळेत मी पहिल्या वर्षी गेले, तेव्हा मुलांची नावे अशी की तपासनीस साहेब हसायचे. दाखल करतानाच मी एकेकाला चांगले नाव दिले. जन्मतारीख सगळ्यांची एक जुलै. विमल हे नाव तर माझ्या मैत्रिणीचे. निदान एक चांगले नाव तरी मी त्या पोरीला देऊ शकले, याचे मला आजही समाधान आहे. पाचवीनंतर ती दिसली नाही, पण नाव तर कोणी काढून घेणार नाही ना.

ही रंजिता नेमकी कुठल्या गावची? कळव. आणि फ्लेक्सचे लगेच बघ.

तुझी आत्या,
उषा

---

बऱ्हाणपूर,
२४ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

तुझी युक्ती लागू पडली! नंदकुमारजींना पटवायला दोन फेऱ्या लागल्या, पण फ्लेक्स लागला. गेटवर डाव्या बाजूला, रस्त्यावरच्या गाडीतूनही दिसेल एवढा. खाली 'हमारा गौरव, कु. रंजिता कासदे'. आणि परवा त्यांनी सही केली. नववी ते बारावी फी माफ! मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सगळ्यांनी घेतले.

फोटोचं तू म्हणालीस तसंच केलं. वेण्या माझ्या हातानं घातल्या. फ्लेक्सच्या दुकानातल्या मोहितनं कॉम्प्युटरवर जरा हात फिरवला, ते काय, सगळ्यांच्याच फोटोंवर फिरवतात. छान आलाय.

मालूबाईनं अजून पाहिला नाही. दोघं नवराबायको इच्छापूरकडच्या एका बागेत कापणीला गेलीत, सुट्टी संपेपर्यंत येणार नाहीत. रंजितानं पाहिला. ती काही बोलली नाही फारशी. लाजाळूच आहे.

तिचं गाव तुझ्या त्या शाळेच्या अगदी शिवेला लागून आहे. तुझी विमल तिची कोणी आजी-मावशी लागत असेल, काय सांगावं! आता सुट्टी. मी चार दिवस नुसती लोळणार.

तुझी,
पूर्णिमा

---

भुसावळ,
३ मे २०२५

चि. पूर्णिमा,

शाब्बास! पत्र वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, सून धावत आली. तीस वर्षांत मला जे जमले नाही ते तू एका महिन्यात केलेस. आमच्या शाळेत बाई एक, मुले साठ, आणि पाचवीनंतर सगळी पुन्हा रानात. तुझी मात्र बारावीपर्यंत जाणार. आता तिला सांग, मागे वळून बघायचे नाही.

फ्लेक्सचा फोटो मोठा छापून पाठव. मला ती मुलगी बघायची आहे. आणि तिची आई फ्लेक्स बघेल तेव्हा काय म्हणते ते सविस्तर लिही. आयुष्यभर दुसऱ्याच्या बागेत घड वाहणारी बाई, तिने आपल्या लेकीला एवढे मोठे बघायचे म्हणजे काय गं! तो क्षण मला पत्रात हवा. हात आखडता घेऊ नकोस.

तुझी आत्या,
उषा

---

बऱ्हाणपूर,
२८ जून २०२५

आत्या,

तुझी मधली दोन कार्डं मिळाली. मी आजारी नव्हते. मला लिहायचं नव्हतं.

तू विचारलंस मालूबाई काय म्हणाली. सांगते. पण त्याआधी मी एप्रिलमध्ये तुझ्यापासून जे लपवलं ते सांगू दे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

नंदकुमारजी दोन फेऱ्यांत पटले असं मी लिहिलं. त्यांनी पहिल्या फेरीत फोटो बघून काय म्हटलं ते लिहिलं नाही. म्हणाले, "मॅडम, एडमिशन का सीजन है. गेट पे चेहरा ऐसा चाहिए कि गाड़ीवाला रुके. ये देख के कौन अपने बच्चे को लाएगा? दूसरे नंबरवाली का लगा दो." मी भांडायला हवं होतं. रडायला हवं होतं, काहीही. मी काय म्हणाले माहीत आहे? "सर, फोटो थोड़ा उजला करवा दूँ तो?" त्यांनी नाही सुचवलं ते, आत्या. मी सुचवलं.

मोहितकडं मी स्वतः बसले. त्यानं विचारलं, "कितना लूँ, मॅडम?" मी मागच्या वर्षीच्या पहिल्या मुलीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हटलं, इतना. दोन मिनिटांचं काम. रंजिताच्या डाव्या भुवईवर एक जुनी खूण आहे, बोटभर. तीही गेली. "दाग अपने आप निकल गया, मॅडम," तो म्हणाला, जसं काही हे काम वर फुकट करून दिलं. मला दिसलं. मी पैसे देऊन निघाले.

फ्लेक्स लागला त्या दिवशी रंजिता त्याच्याखाली बराच वेळ उभी होती. मग मला म्हणाली, "मॅम, अब मेरे को ऐसा दिखना है क्या?" मी हसले. म्हटलं, "अगं वेडे, फोटो है. देख, कितनी सुंदर आई है." आत्या, आठ वर्षांत मी तिला हुशार म्हटलं, मेहनती म्हटलं. सुंदर पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही कोणाला?

सुट्टी लागेपर्यंत शाळा भरत होती, तेवढ्या दिवसांत पोरांनी खेळ लावला. ती वर्गात आली की विचारायचे, "तू तो कोयला है, असली टॉपर कब आएगी?" रोज. मला कोणी सांगितलं नाही. तिनंही नाही.

सुट्टीत ती आईबापाबरोबर बागेत गेली. पहिल्या मजुरीतून तिनं गोरं व्हायच्या मलमाच्या ट्यूब आणल्या, कोणत्या दुकानातून कोण जाणे. सकाळी लावायची आणि उन्हात घड वाहायची. महिनाभर. शाळा उघडली तेव्हा ती ओढणीनं तोंड बांधून आली. मी ओढणी सोडवली. दोन्ही गाल सोलले होते, कपाळावर चट्टे, मधून मधून कच्ची लाल कातडी. हसायला गेली तर ओठाजवळून पाणी आलं. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, भरेल, पण डाग राहतील, आणि आता हिला उन्हात जाऊ देऊ नका. केळीच्या बागेत राबणाऱ्याला सांगून राहिले, उन्हात जाऊ नका.

त्याच दिवशी दुपारी मालूबाई आली. चौकीदारानं तिला फ्लेक्स दाखवला, "देख, तेरी लड़की." ती बघतच राहिली. मला वाटलं आनंदानं. मी जवळ गेले तर म्हणाली, "मॅडम, ये किसकी लड़की है?"

मी म्हटलं, रंजिता है. खाली नाव लिहिलंय.

"मेरे को पढ़ना नहीं आता. मैं तो मुँह देख के पहचानती." तिनं आपल्या भुवईवर बोट ठेवलं. "ये निशान मेरे हाथ से लगा था. पीठ पे बँधी थी, मैं घड़ काट रही थी, हँसिया उछल गया. तीन दिन मैंने रोटी नहीं खाई. वो निशान किधर गया?"

मी म्हटलं, मशीन में निकल गया.

"मशीन में," ती म्हणाली. भांडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं.

मी तडक नंदकुमारजींकडं गेले, फ्लेक्स उतरवा म्हणून. ते म्हणाले, "फीस माफ की ना? फिर? एडमिशन होने दो, उतर जाएगा." आणि वर हे सांगितलं की मुलीचा चेहरा ठीक होईपर्यंत तिला घरी ठेवा, पालक येतात, विचारतात, फोटोतली मुलगी कोणती, काय दाखवायचं त्यांना? आत्या, हा निरोप कोणी नेला असेल? मीच नेला. गोड करून नेला. "थोड़े दिन आराम करने दो उसको." मालूबाईनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांची झोपडी रिकामी होती. सगळी गावाकडं गेली.

फी बारावीपर्यंत माफ आहे. फ्लेक्स गेटवर आहे. रोज सकाळी मी त्याच्याखालून आत जाते.

मला आता सल्ला देऊ नकोस.

पूर्णिमा

---

भुसावळ,
७ जुलै २०२५

पूर्णिमा,

सल्ला देत नाही. देण्याची लायकी उरली नाही.

पावडर लाव असे मीच लिहिले होते. तुझे पत्र वाचून झाल्यावर माझे पत्र आठवले. तू मोहितला सांगितलेस, मी तुला सांगितले होते. आणि मला कोणी सांगितले होते? कोणीही नाही. ते मला शिकवावे लागले नाही, अंगातच होते.

ऐक. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. विमल पाचवीनंतर दिसली नाही असे मी तुला लिहिले, ते खोटे. पंधरा वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या आधी, ती मला नेपानगरच्या बाजारात दिसली होती. मोळी विकायला बसली होती. चेहरा तोच. मी मोठ्या प्रेमाने हाक मारली, "विमल!" ती बघेना. पुन्हा मारली. शेजारची बाई बघायला लागली, ती नाही. मग मी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा ओळखले तिने. उठून उभी राहिली, जशी वर्गात राहायची. मी म्हटले, अगं, मी हाका मारते आहे, ऐकू नाही का आले? ती म्हणाली, "वो तो स्कूल का नाम था, बाई. घर पे कोई नहीं बोलता."

मला राग आला होता, पूर्णिमा. वाटले, एवढे चांगले नाव दिले, त्याची किंमत नाही. मी तिचे खरे नाव विचारलेसुद्धा नाही. मोळीही घेतली नाही. चालू लागले.

परवापासून मी ते नाव आठवते आहे. तिच्या बापाने शाळेच्या ओट्यावर उभे राहून मला सांगितले होते, दोनदा सांगितले होते. मी ऐकले, हसले आणि रजिस्टरवर 'विमल' लिहिले. खरे नाव कुठेच लिहिले नाही. पाच वर्षे ती मुलगी माझ्या समोर बसून "हजर" म्हणत होती, आणि मी जिला हाक मारत होते ती कोणी नव्हतीच.

तू त्या गावाला जाशील. मला माहीत आहे, तुला राहवणार नाही. गेलीस तर तिचा पत्ता लागतो का बघ. पन्नाशीची असेल. नाव विचारून ये. मला दुसरे काही नको.

उषा आत्या

---

बऱ्हाणपूर,
२० जुलै २०२५

प्रिय आत्या,

गेले होते. नेपानगरपर्यंत बसनं, पुढं जीप, शेवटी चिखलातून पायी. रंजिताचा शाळा सोडल्याचा दाखला बरोबर होता. मालूबाईनं निरोप पाठवून मागितला होता. गावाकडच्या शाळेत घालायला म्हणून मागितला असेल, असं मी मनाला सांगत गेले. दाखल्यावर शाळा सोडल्याचं कारण लिहायचं असतं. ते मीच भरलं होतं. कोरा कागद समोर घेऊन सबंध तास बसले आणि 'पालकाची इच्छा' असं लिहिलं.

तुझी शाळा अजून आहे. आता पक्की इमारत आहे. विमलबद्दल मी चार घरी विचारलं. सगळ्यांनी मान हलवली. एका म्हाताऱ्या बाईला मी खोदून खोदून सांगितलं, उषाबाईंच्या शाळेत होती, पाढे छान म्हणायची. ती म्हणाली, "विमल नाम की इधर कोई नहीं हुई." मग मलाच विचारलं, "असली नाम क्या था?" ते माझ्याकडं नव्हतं, तुझ्याकडंही नाही. माफ कर आत्या, तुझं एवढंच काम होतं आणि ते झालं नाही.

रंजिताच्या घरी गेले. मालूबाईनं खाट टाकली, पाणी दिलं. मी प्याले, सगळं प्याले, तिनं न विचारता आणखी ओतलं. दाखल्याच्या पावतीवर अंगठा दिला. दाखला तिनं न बघताच पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली ठेवला. शाळेत कधी घालणार विचारलं तर म्हणाली, बघू. दारात नव्या बांगड्यांचं एक पुडकं होतं. मी त्याबद्दल विचारलं नाही.

रंजिता आतल्या खोलीत होती. मला तिचे पाय तेवढे दिसत होते, कुडाच्या खालून. मी हाक मारली. म्हटलं, गणिताचे सर तुझ्या पेपरची अजून आठवण काढतात. म्हटलं, फी माफ आहे, जागा तुझीच आहे, केव्हाही ये. पाय हलले नाहीत. जी पोर मला वाटतच नव्हती कोरकू, ती आईशी कोरकूत काहीतरी बोलली. तिच्या तोंडून ती भाषा मी पहिल्यांदा ऐकली. आठ वर्षांत माझ्यासमोर तिनं ती कधी वापरलीच नव्हती.

मी मालूबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "पूछ रही है, वो फोटो उतार दिया क्या?"

आत्या, मी सकाळी त्याच्याखालूनच निघाले होते. यंदा नर्सरी भरली, नंदकुमारजी खुश आहेत, आता म्हणतात पुढच्या निकालापर्यंत राहू दे, छपाई चांगली आहे.

मी म्हटलं, हो, उतरवला.

आतले पाय मागं सरकले, मग दिसेनासे झाले. मालूबाई मला जीपपर्यंत सोडायला आली. जीप सुटताना तिनं माझ्या पिशवीत काहीतरी घातलं. घरी येऊन बघितलं, सहा केळी होती.

सगळी खाल्ली मी. एकटीनं, एका बैठकीत.

तुझी,
पूर्णिमा